शेततळ्यातल्या रोहूची साखर कशी तपासायची

यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात शेततळ्यात मासे सोडणारे पालक भेटले, की मी त्यांच्याच तळ्यावर मुलांचं प्रात्यक्षिक घेते. प्राणिशास्त्राच्या वर्गात हार्मोन्सची नावं पाठ होतात. ती काम करताना दिसतात ती इथे, माशाच्या रक्तातली साखर मोजताना.

आदल्या दिवसापासून खाद्य बंद ठेवा. कोंडा-पेंड खाल्लेल्या माशाची साखर बराच वेळ चढलेली राहते. माशाचं इन्सुलिन ग्लुकोजपेक्षा अमिनो आम्लांना जास्त दाद देतं, त्यामुळे पिठूळ खाद्याची साखर सावकाश उतरते.

काम पहाटेच उरका. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि चाळिशीपुढे बरेच ग्लुकोमीटर चुकीचा संदेश दाखवून बंद पडतात. पट्ट्याही सावलीतच ठेवा.

माशाला भूल देण्यासाठी लवंगतेल आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, मग लिटरमागे साधारण ५० मिलिग्रॅम या हिशेबाने टबात घाला. मासा कलंडला की ओल्या फडक्यावर घ्या. गुदपराच्या (गुदद्वारामागच्या पराच्या) मागे, पोटाकडच्या मध्यरेषेवर एक खवला बाजूला सारून सुई काटकोनात आत घाला. मणक्याचं हाड टोकाला लागलेलं बोटांना कळतं. तिथून केसभर मागे या आणि दट्ट्या हळू ओढा. गडद लाल रक्त आपोआप चढतं. थेंब पट्टीवर टाका, जागा अंगठ्याने दाबून धरा, मासा स्वच्छ पाण्यात सोडा. पहिल्या वेळी शिक्षक शेजारी हवेतच. भूल दिलेला मासा लगेच विकू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेळ. जाळं लागताच डोक्याकडच्या मूत्रपिंडातल्या पेशी ॲड्रिनलिन सोडतात आणि यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, फुटून रक्तात येऊ लागतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं हार्मोनही तिथलंच, पण मेंदूकडून निरोप यावा लागतो, म्हणून ते काही मिनिटांनी वाढतं आणि साखर तासन्‌तास चढी ठेवतं. त्यामुळे पहिल्या माशांचं रक्त जाळ्यात आल्यापासून तीन-चार मिनिटांत घ्या, नाहीतर तुम्ही माशाची नव्हे, तुमच्या धरपकडीची साखर मोजाल. पुढचे गट अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी. दर वेळी वेगळे मासे घ्या.

माणसासाठी बनवलेलं यंत्र माशाच्या रक्तात प्रयोगशाळेपेक्षा बहुधा कमी आकडा दाखवतं. म्हणून आपल्या साखरेच्या तक्त्याशी ताडू नका. एकाच यंत्रावर गटागटांतला फरक बघा.

मुलांना मी इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. काही माशांत इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचा गोळा स्वादुपिंडापासून वेगळा असतो. इन्सुलिनच्या शोधात सहभागी असलेले शास्त्रज्ञ मॅक्लिओड यांनी १९२२ मध्ये अशाच माशांवरून इन्सुलिन नेमकं त्या पेशींतून येतं हे दाखवलं. मधुमेहाच्या औषधामागे मासाही उभा आहे, हे मुलांना कळायलाच हवं.

दुसऱ्या दिवशीचा आकडा पहिल्या गटाजवळ आला, तर मासे धरपकडीतून सावरले. तो चढाच राहिला तर खाद्य आणखी थांबवा आणि सूर्योदयाआधी पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन व अमोनिया तपासा.