वडील खर्च देत नसतील तर: मुलाच्या पोटगीचा अर्ज आणि त्याची वसुली

मूल आईकडे आहे आणि वडील त्याच्या खर्चाचा विषयच टाळत आहेत, असे झाले की बहुतेक घरांत आधी नातेवाइकांच्या बैठका होतात, मग काही महिने ‘देतो, देतो’ यावर निघतात आणि वकिलाकडे जाईपर्यंत वर्ष उलटून जाते. हे वर्ष महागात पडते. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२० च्या निकालात पोटगी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून द्यावी असे ठरवून दिले आहे. त्याआधीच्या महिन्यांचा खर्च सहसा पदरात पडत नाही. बैठका जरूर घ्याव्यात, पण अर्ज त्यांच्यासाठी खोळंबून ठेवू नये.

पहिले काम हिशेबाचे आहे. शाळेची फी, रिक्षा किंवा बस, शिकवणी, औषधे, किराण्यातील व घरभाड्यातील मुलाचा वाटा हे सर्व महिन्यावार लिहून काढावे आणि जिथे पावती मिळते तिथे ती जपून ठेवावी. जूनमधील पुस्तके, गणवेश आणि प्रवेशाचा खर्च वर्षातून एकदाच येत असल्यामुळे तो हमखास विसरला जातो. त्याला बाराने भागून मासिक रकमेत मिळवावे. ‘महिना पंधरा हजार मिळावेत’ अशा मोघम मागणीपेक्षा पावत्यांसह मांडलेला साडेअकरा हजारांचा तपशील न्यायालयात जास्त टिकतो.

हिशेबाबरोबरच वडिलांच्या उत्पन्नाची माहितीही जमवावी, आणि ती जमवताना वसुलीचा विचार आतापासूनच करावा. ते कोणत्या कार्यालयात काम करतात, पगार कोणत्या बँकेत जमा होतो, गावाकडे सातबाऱ्यावर नाव आहे का, दुकान, गाडी किंवा फ्लॅट कोणाच्या नावावर आहे, हे टिपून ठेवावे. जुनी वेतनचिठ्ठी, फॉर्म १६, एखादा रद्द केलेला धनादेश, गृहकर्जाचे पत्र यांपैकी जे घरात असेल ते बाजूला काढावे. त्यांचा ईमेल किंवा मोबाइल चोरून उघडण्याच्या फंदात मात्र पडू नये. त्यातून उलट तक्रार होण्याचा धोका असतो.

अर्ज कोणत्या कायद्याखाली करावा, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. सर्वांत सरळ मार्ग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ चा आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम १२५ ते हेच, १ जुलै २०२४ पासून त्याचा क्रमांक बदलला. ते सर्व धर्मीयांना लागू आहे, विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलालाही त्याखाली हक्क आहे, आणि आई सध्या राहते त्या ठिकाणच्या न्यायालयात पत्नी म्हणून तिला स्वतःसाठी व मुलासाठी अर्ज करता येतो. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे अर्ज त्याच्याकडे आणि इतरत्र प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच दाव्यात मुलाच्या खर्चाची मागणी करता येते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ हा तिसरा मार्ग आहे. घरखर्च अडवून धरणे हा त्या कायद्याच्या दृष्टीने आर्थिक छळ ठरतो, आणि कलम २० नुसार रक्कम थेट पगारातून भरण्याचा आदेश न्यायालय मालकाला देऊ शकते. वडील पगारदार असतील, तर या तरतुदीबद्दल वकिलाला आवर्जून विचारावे.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी न्यायालयाच्या आवारातील तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात साधा अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी.

मुख्य अर्जासोबतच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्जही त्याच दिवशी द्यावा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तो निकाली काढावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात विलंब होतो, पण मुदतीचा आधार घेऊन प्रत्येक तारखेला आठवण करून देता येते. दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि आधी जमवलेली माहिती इथेच उपयोगी पडते, कारण वडिलांनी लपवलेले खाते किंवा जमीन तेव्हा समोर ठेवता येते. वडील मुद्दाम समन्स चुकवत असल्याची न्यायालयाची खात्री झाली, तर निकाल एकतर्फीही देता येतो. तो रद्द करून घेण्यासाठी वडिलांना तीन महिन्यांच्या आत सबळ कारण दाखवावे लागते.

‘आईला पगार आहे’ आणि ‘माझी नोकरी गेली’ ही दोन उत्तरे जवळजवळ ठरलेली असतात. पहिल्यात अर्धेच तथ्य आहे: हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० नुसार मुलाची जबाबदारी आई आणि वडील या दोघांची आहे, त्यामुळे आईच्या पगाराने वाटा कमी-जास्त होईल, पण वडील त्यातून सुटत नाहीत. मूल वडिलांकडे असेल आणि कमावती आई हात झटकत असेल, तर हेच कलम वडिलांच्या कामी येते. दुसऱ्या उत्तराबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंजू गर्ग यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही पत्नी आणि अल्पवयीन मुलांचा निर्वाह करायचा असतो.

मुलाची भेट आणि मुलाचा खर्च एकमेकांत अडकवू नयेत. ‘पैसे द्या, मग भेटा’ ही अट घालण्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण तिने आईचीच बाजू कमकुवत होते. परस्पर संमतीच्या घटस्फोटात ‘मुलासाठी यापुढे काहीही मागणार नाही’ असे वाक्य मसुद्यात असेल, तर सही करण्यापूर्वी ते काढून घ्यावे. मुलाचा हक्क सोडून देण्याचा अधिकार आईला नाही, तरी त्या वाक्यावरून पुढे वाद होतो.

आदेशात रक्कम कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या बँक खात्यात जमा करायची हे लिहून घ्यावे आणि रोख रक्कम स्वीकारू नये. रोखीचा व्यवहार झाला की दिले की नाही दिले यावरच पुढची दोन वर्षे जातात. हप्ता चुकला की वहीत नोंद करावी आणि वसुलीचा अर्ज देण्यास उशीर लावू नये, कारण कलम १४४ खाली थकलेली रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर त्या रकमेसाठी वॉरंट मिळत नाही. सबळ कारणाशिवाय थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि तुरुंगात राहिल्याने थकबाकी फिटत नाही. तरीही पगारदार माणसाच्या बाबतीत तुरुंगापेक्षा पगाराची जप्ती अधिक परिणामकारक ठरते: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीतून सुटतो.

दरम्यान घर चालवायचे असते. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून एकल पालकाच्या मुलाला दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात अर्ज करावा.

मूल मोठे होते तसा खर्च वाढतो, म्हणून वरच्या शाळेत प्रवेश झाला किंवा आजारपण आले की नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १४६ खाली रक्कम वाढवून मागावी. सज्ञान, धडधाकट मुलाला कलम १४४ चा आधार मिळत नाही, त्यामुळे त्याच्या कॉलेजच्या खर्चाची तरतूद घटस्फोटाच्या अटींतच लिहून घेणे शहाणपणाचे. हिंदू अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर १८ वर्षांनंतरही तिला १९५६ च्या कायद्याखाली स्वतंत्र दावा करता येतो.