जिना चढताना लागणारी धाप
रोज तासभर चालूनही तिसऱ्या मजल्यापर्यंत मला धाप लागायचीच. उतारा मिळाला तो जपानी पद्धतीत: ३ मिनिटं झपझप, ३ मिनिटं रमतगमत, अशा ५ फेऱ्या, आठवड्यातून किमान ४ दिवस. मात्सुमोतोच्या शिन्शू विद्यापीठातल्या हिरोशी नोसे यांच्या गटाची ही पद्धत. त्यांच्या २००७च्या अभ्यासात ५ महिन्यांत मांड्यांची ताकद आणि दम वाढला, वरचा रक्तदाब उतरला. एकाच मध्यम चालीने चालणाऱ्यांना तेवढा फायदा नाही झाला.

झपझप म्हणजे किती? सोबतच्या मैत्रिणीशी तुटक बोलता यावं, गप्पा रंगू नयेत, इतकं. टाच आधी टेकवायची, कोपरं वाकवायची, ढांग लांब टाकायची. खिशात मोबाइल थरथरला की वेग बदलायचा. आता भाजीच्या पिशव्या घेऊन न थांबता वर येते. हृदयाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचाराच.