इंग्लिशचा अवघड शब्द नुसता पाठ करू नका, वाक्यात बसवा

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी रोज २० शब्द पाठ करायचो, डावीकडे शब्द उजवीकडे मराठी अर्थ, अशा तीन वह्या भरल्या. मग पुण्यात इंटरव्ह्यूला सांगलीबद्दल विचारलं तर म्हणालो, "सांगली हॅज अबंडंट ऑफ टर्मरिक". समोरच्या मॅडम थांबून माझ्याकडे बघायला लागल्या तेव्हा कळलं की काहीतरी चुकलंय. अबंडंट म्हणजे भरपूर, हा अर्थ बरोबर होता, पण अबंडंट हे विशेषण आहे, त्याच्या पुढं असं ऑफ येत नाही. "टर्मरिक इज अबंडंट हिअर" म्हणायचं, नाहीतर "ॲन अबंडन्स ऑफ टर्मरिक". हे माझ्या तिन्ही वह्यांत कुठंच नव्हतं.

म्हणून सांगतो, दिवसाला तीनच शब्द घ्या पण प्रत्येक शब्द त्याच्या सोबत्यांसकट, म्हणजे त्याच्याबरोबर येणाऱ्या शब्दांसकट घ्या. त्यासाठी इंग्लिश-मराठी ॲप पुरत नाही, इंग्लिश शिकणाऱ्यांसाठी केलेली लर्नर्स डिक्शनरी बघा, ऑनलाइन फुकट मिळतात, त्यात अर्थ सोप्या इंग्लिशमध्ये असतो आणि शब्दापुढं टू येतं का विथ येतं ते उदाहरणांतून कळतं.

आता रिलक्टंट घ्या. मराठी अर्थ बघितला तर बहुतेक ठिकाणी 'अनिच्छुक' सापडतो, आता घरात कोण म्हणतं हो अनिच्छुक? आपण म्हणतो 'जिवावर आलंय'. वहीत तेच लिहा. मग त्याचा सोबती लिहा, रिलक्टंट टू आणि पुढं साधं क्रियापद, आणि मग आपल्या डोळ्यासमोरचं वाक्य करा. मार्केट यार्डात हळदीचा सौदा चाललाय, दर पडलाय, शेतकऱ्याला माल द्यायचं जिवावर आलंय: "द फार्मर वॉज रिलक्टंट टू सेल हिज टर्मरिक ॲट दॅट प्राइस." हे वाक्य मला आजपर्यंत विसरता आलेलं नाही, पुस्तकातली उदाहरणं मात्र दुसऱ्या दिवशी गायब व्हायची.

शब्दाचं मूळ बघायची सवय लावाच, यात खरी मजा आहे. लॅटिनमध्ये उंडा म्हणजे लाट. त्यातून इनंडेट, म्हणजे पाण्याखाली घालणं. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि निम्मं गाव पाण्यात होतं, तेव्हा "द फ्लडवॉटर इनंडेटेड द स्ट्रीट्स" म्हणजे काय ते सांगलीकराला वेगळं समजवायला नको. त्याच काळात बाहेरगावच्या पाहुण्यांचे फोनवर फोन, "वी वर इनंडेटेड विथ कॉल्स", इथं विथ लागतं. माझा तो अबंडंटसुद्धा त्याच लाटेतून आलाय, भरून वाहणारा. आणि रिडंडंटही, वाहून जाईल इतका जादा म्हणून नको असलेला: "रिटर्न बॅक" मधला बॅक रिडंडंट आहे, कारण रिटर्न म्हणजेच परत येणं. एका लाटेत तीन शब्द, आणि अर्थ डोक्यात पक्का.

उजळणी ठरवून करा. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं, नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. त्यामुळं पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी. मी जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं करतो, पुढं माझं वाक्य पण शब्दाच्या जागी रेघ, मागच्या बाजूला शब्द. आठवला तर कार्ड तीन दिवसांनी, परत आठवला तर आठवड्यानं, नाही आठवला तर उद्या पहिल्यापासून.

आणि एक, शब्द शिकलाय म्हणून कुठंही घालू नका. "इट स्टार्टेड रेनिंग" चांगलं आहे, तिथं स्टार्टेडच्याच अर्थाचा जड कमेन्स्ड कशाला? पण पुराबद्दल लिहिताना "लॉट ऑफ वॉटर केम" पेक्षा इनंडेटेड एका शब्दात सगळं सांगतो, तिथं तो हक्कानं वापरा. केलेलं वाक्य मोठ्यानं म्हणा, इंग्लिश चांगलं असलेल्या कुणालातरी दाखवा, आणि त्यांनी काय खोडलं ते त्याच कार्डावर लाल पेननं लिहून ठेवा.