मिरर लेन्सचे फोटो मऊ येत होते, ते असं सुटलं

जुनी ५०० एमएम एफ ८ मिरर लेन्स (आत आरसे असलेली) अडॅप्टरने मिररलेस कॅमेऱ्यावर चढवली तर आधी शटरच पडेना, लेन्सला कॅमेऱ्याशी बोलणारे इलेक्ट्रॉनिक काँटॅक्टच नाहीत ना, मग मेनूत लेन्सशिवाय शटर चालू केलं. भिगवणला फ्लेमिंगो काढले, सगळे मऊ, म्हणजे धूसर! पण दोष लेन्सचा नव्हताच. बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनला, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणाऱ्या सोयीला, लेन्सची फोकल लेंग्थ कळत नव्हती, ती हाताने ५०० टाकली, शटर १/१००० सेकंदापेक्षा संथ होऊ दिलं नाही, आयएसओ ऑटोवर ठेवला कारण अ‍ॅपर्चर एफ ८ लाच फिक्स असतं. पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) विसंबू नका, कॉन्ट्रास्ट कमी म्हणून ते फसवतं, स्क्रीनवर पक्ष्याच्या डोळ्यावर झूम करून फोकस रिंग अगदी केसभर फिरवायची. पुढच्या खेपेला चोचीचा काळा शेंडा, त्यावरचा थेंबसुद्धा लख्ख आला. लेन्समधल्या आरशामुळे मागे चमचमत्या पाण्याचे ठिपके बांगड्यांसारखे दिसतात, मला तर ते फार आवडतात.