पैशाचे मोल कसे मोजावे आणि ते का बदलले, हे कसे ओळखावे

नोटेवर छापलेला आकडा वर्षानुवर्षे तोच राहतो. बदलते ते तिच्या मोबदल्यात पदरात पडणारे. म्हणून पैशाचे मोल जाणून घ्यायचे असेल, तर त्याने काय आणि किती विकत घेता येते, म्हणजेच त्याची क्रयशक्ती किती आहे, हे पाहावे.

एखादी वस्तू महागली एवढ्यावरून पैसा स्वस्त झाला असे मानू नये, कारण त्या वस्तूचीच टंचाई असू शकते. नेहमीच्या खर्चातील सर्व वस्तू व सेवांचा एकत्रित विचार करावा लागतो आणि त्यासाठी ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे या सर्वांच्या किमतींची एकत्रित पातळी दाखवणारा आकडा, हे सर्वांत सोयीचे साधन आहे. समजा, तो 160 वरून 200 वर गेला. किमती 25 टक्क्यांनी वाढल्या म्हणजे पैशाचे मोलही 25 टक्क्यांनी घटले, असे पुष्कळ जण धरून चालतात. ते चूक आहे. जुन्या निर्देशांकाला नव्या निर्देशांकाने भागावे. उत्तर 0.80 येते, म्हणजे मोल 20 टक्क्यांनी घटले.

त्यानंतर कारण शोधावे. प्रथम चलनपुरवठा, म्हणजे लोकांच्या हाती असलेला एकूण पैसा, आणि उत्पादन यांची वाढ ताडून पाहावी, कारण पैसा वस्तूंपेक्षा वेगाने वाढला की किमती चढतात. चलनपुरवठ्यात केवळ नोटा नव्हे, तर बँकांतील ठेवीही येतात आणि बँक कर्ज देते तेव्हा नवी ठेव निर्माण होते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवते, ती ही कर्जे आणि त्यांतून होणारी खरेदी आवरण्यासाठीच.

परंतु तेवढ्याने चित्र पुरे होत नाही. लोक पैसा किती काळ हाती ठेवण्यास तयार आहेत, हेही पाहावे लागते. जर्मनीत 1914 मध्ये एका डॉलरला सुमारे 4.2 मार्क पडत असत. सरकारने तूट भागवण्यासाठी नोटा छापण्याचा सपाटा लावला आणि नोव्हेंबर 1923 पर्यंत हाच दर 4.2 लाख कोटी मार्कांवर गेला. पगार हाती पडताच लोक तो खर्चून टाकू लागले, त्यामुळे किमती आणखी भडकल्या. त्याच महिन्यात आलेल्या रेंटेनमार्क या नव्या चलनाच्या एका मार्काची किंमत 1 लाख कोटी जुन्या मार्कांइतकी ठरवण्यात आली. त्याला जमिनीचे व उद्योगांचे तारण होते. तथापि माझ्या मते निर्णायक ठरली ती नोटा छापण्यावर घातलेली मर्यादा, कारण तिच्यामुळेच विश्वास परतला.

पैशामागे सोन्याचा आधार असतो का, हा प्रश्न येथे थोडक्यात आटोपता येईल. परकीय मध्यवर्ती बँकांना 35 डॉलरला एक औंस सोने देण्याची व्यवस्था अमेरिकेने 15 ऑगस्ट 1971 रोजी थांबवली. आज प्रमुख चलनांपैकी एकही सोन्यात बदलून मिळत नाही. परकीय चलनाशी असलेला विनिमय दर मात्र वेगळा तपासावा, कारण आपले चलन घसरले की आयात महागते आणि ती वाढ देशांतर्गत किमतींत उतरते.

हाच हिशेब स्वतःच्या बचतीलाही लावावा. 100 च्या ठेवीवर वर्षाला 5 टक्के व्याज मिळाले आणि महागाई 6 टक्के असली, तर 105 ला 1.06 ने भागावे. येणारे 99.06 हे त्या ठेवीचे वर्षाअखेरचे खरे मोल होय. व्याजावर कर द्यावा लागत असेल, तर तो भागाकारापूर्वीच 105 मधून वजा करावा.