नाल काढलेल्या घोड्याची खुरं घासताना

आमची मारवाडी घोडी नाल काढल्यावर खडीवर पाय टाकायलाच तयार नसायची, आता दहा महिन्यांनी डांबरी रस्त्यावर दुडक्या चालीने जाते, म्हणून जे केलं ते सांगतेय.

कानस हातात घ्यायच्या आधी घोडं सपाट कडक जमिनीवर चालवा आणि बाजूला बसून पायांचा स्लो मोशन व्हिडिओ काढा. टाच आधी टेकायला हवी. आमच्या घोडीचं पुढचं टोक आधी टेकायचं, म्हणजे टाच दुखत होती. खूर उचलून बघितलं तर टोक लांब, टाचा पुढे सरकलेल्या, फ्रॉग, म्हणजे तळाच्या मधला त्रिकोणी मऊसर भाग, आक्रसून बोटाएवढा. बाजारात लोक चाल बघतात, देवमण (शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा) बघतात, टाप उचलून बघणारे फार थोडे.

खूर गरम लागत असेल, घोट्याच्या मागे नाडी जोरात उडत असेल किंवा एकाच पायाने अचानक लंगडत असेल तर आधी डॉक्टर, आत पू असू शकतो नाहीतर लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराची सूज, असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तळ कापायचा नाही. सुरीने तासून गुळगुळीत केलेला तळ दिसायला छान दिसतो पण तीच जाडी घोड्याला दगडांपासून वाचवते. अंगठ्याने दाबल्यावर तळ दबला तर तो आधीच पातळ झालाय, तिथे हात लावू नका. खडूसारखा भुगा होतो तेवढाच खरवडा, फ्रॉगचे लोंबणारे तुकडे काढा, बाकी फ्रॉग राहू द्या.

काम टोकावर करायचं. कानस साधारण ४५ अंशात धरून बाहेरची कड गोल करत पुढे पसरलेलं टोक मागे आणा, पण कड आणि तळ यांच्यामधली पिवळसर रेघ ओलांडून आत जाऊ नका. टाचा दोन्ही बाजूंनी सारख्या आणि तळापेक्षा जेमतेम २-३ मिमी वर. एका दिवसात सगळं उरकायला गेलात तर घोडं आणखी लंगडेल, मी दर तीन आठवड्यांनी थोडं थोडं घासते. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिमी वाढतं, टोकाशी पूर्ण नवं यायला ९ ते १२ महिने लागतात, घाई करून काहीच मिळत नाही.

उन्हाळ्यात खूर दगडासारखं होतं, घासायच्या आधी अर्धा तास पाण्यात उभं करा. पावसाळ्यात चिखलात फ्रॉग काळा पडून घाण वास मारतो, तेव्हा रोज धुवा, पुसा आणि कोरड्या जागी बांधा.

आणि गूळ बंद! घरच्यांना वाईट वाटलं, पण गूळ-दाणा कमी केल्यावर खुराच्या वरच्या कडेला केसांखालून नवीन वाढ घट्ट उतरायला लागली, बोट फिरवलं की जुन्या-नव्या भागाची पायरीच हाताला लागायची. ती पायरी अर्ध्यावर आली तोवर आम्ही शेतातली मऊ वाट सोडून मुरमावर चालवायला लागलो होतो, आणि तिथेच एका सकाळी व्हिडिओत पहिल्यांदा टाच आधी टेकलेली दिसली.