सुईचे चुंबक करावे कसे, आणि त्या वेळी अणूंत घडते काय

शिवणाची पोलादी सुई टेबलावर ठेवून चुंबकाचे एकच टोक नेढ्याकडून अणकुचीकडे, दर खेपेस वर उचलून, तीसेक वेळा फिरवावे. पुढेमागे घासल्यास केलेले काम वाया जाते. सुई टाचणी उचलू लागली, तरी तिच्यात बाहेरून काहीही शिरलेले नसते. लोखंडाच्या सुट्या अणूतील ४ इलेक्ट्रॉन जोडीविना असतात, त्यांच्या स्पिनमुळे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगभूत चुंबकी गुणामुळे, अणू स्वतःच चुंबकासारखा वागतो, आणि शेजारचे अणू एका दिशेला वळून लहान लहान क्षेत्रे बनवतात, ही क्षेत्रांची कल्पना फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ प्येर वाइस यांनी १९०७ मध्ये मांडली. घासल्याने या क्षेत्रांच्या सीमा सरकतात आणि एकाच दिशेची क्षेत्रे मोठी होतात, इतकेच. तांब्याच्या तारेवर हा खटाटोप करू नये, कारण तिथे आतले इलेक्ट्रॉन जोडीने बसलेले असतात आणि जोडीतले दोघे एकमेकांचा चुंबकी परिणाम पुसून टाकतात.

आता सुई सांडशीत धरून गॅसच्या ज्योतीवर लालभडक तापवावी. मुलांनी हे मोठ्यांसमोरच करावे. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर गेले, की उष्णतेच्या हेलकाव्यांनी अणूंची शिस्त मोडते. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीत काम केलेल्यांना हे नव्याने सांगायला नको, तापून लाल झालेल्या लोखंडाला चुंबक धरत नाही. सुई सावकाश निवू द्यावी आणि मगच टाचणी लावून पाहावी.